सेन्सर नवा टाकला तरी दिवा तसाच? आधी 'कपलर' बघा!

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गाडी चढाला ओढत नाही, मधेच गचके देते. मिस्त्री स्कॅनर लावतो आणि सांगतो, "सेन्सर गेलाय." तालुक्याला तो सेन्सर मिळत नाही, म्हणून जिल्ह्याला माणूस जातो. काही हजार मोजून नवा सेन्सर येतो, बसतो, दिवा विझतो. गाडी गावाकडे निघते, पहिल्याच खड्ड्यात चाक आदळते आणि दिवा पुन्हा हजर! मग गाडीमालक आणि मिस्त्री यांच्यात वाजते. मालकाला वाटते आपल्याला गंडवले, मिस्त्रीला वाटते दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला.

अशा भांडणात पुष्कळदा जुना सेन्सरही चांगला असतो आणि नवाही. बिघडलेला असतो तो सेन्सर आणि वायर यांना जोडणारा प्लास्टिकचा छोटा तुकडा. गॅरेजमध्ये त्याला 'कपलर' म्हणतात, कंपनीच्या पुस्तकात कनेक्टर. सेन्सर बदलताना हा कपलर काढून परत दाबला जातो. त्या घासाघाशीत आतला कॉन्टॅक्ट तेवढ्यापुरता साफ होतो आणि सगळ्यांना वाटते की नव्या सेन्सरने काम केले. दुखणे तिथेच राहते.

रात्री दोनला टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावला किंवा कांदा घेऊन लासलगावला निघालेल्या पिकअपवाल्यासाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही. वाटेत गाडी 'लिम्प मोड'ला गेली, म्हणजे गाडीतल्या संगणकाने इंजिनची ताकद आपणहून कमी केली, की लिलाव चुकतो आणि भाडेही बुडते. त्यामुळे हा कपलर असतो कसा, बिघडतो कसा आणि तो काढताना भल्याभल्या मिस्त्रींच्या तोंडून शिव्या का येतात, हे गाडीवाल्यालाही ठाऊक असलेले बरे.

कपलरच्या आत असते काय?

एका बाजूला पितळेची किंवा तांब्याच्या मिश्र धातूची पिन असते. दुसऱ्या बाजूला त्या पिनेला चिमट्यासारखी धरणारी पत्ती असते. गॅरेजच्या भाषेत एक 'मेल', दुसरी 'फिमेल'. दोन्हींवर बहुधा कथिलाचा पातळ मुलामा असतो. घरातल्या पितळी भांड्यांना कल्हई करतात ना, तेच हे कथील. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकते, तसेच मुलामा उडालेल्या पिनेला हवा-पाणी लागले की ती काळी-हिरवी पडते.

वायर जिथून आत शिरते तिथे रबराचा सील असतो. कपलरचे दोन भाग जुळतात तिथे आणखी एक सील असतो. बाहेर लॉकची जीभ. नव्या गाड्यांमध्ये पुष्कळ ठिकाणी त्या लॉकवर अजून एक लॉक, म्हणजे लाल, पिवळी किंवा राखाडी सरकपट्टी. ती आधी मागे ओढल्याशिवाय खालचे लॉक दबतच नाही.

सगळा खेळ आतल्या चिमट्याच्या पकडीवर चालतो. पत्तीने पिनेला घट्ट धरले आहे तोवर गाडी निवांत. पकड केसभर सैल झाली किंवा दोघींच्या मध्ये गंजाचा पापुद्रा आला, की गाडी वेड्यासारखी वागायला लागते. कधी चालते, कधी नाही. गॅरेजच्या दारात गेली की हमखास चालते!

पूर्वी हा ताप एवढा नव्हता. जुन्या जीपला दिवे, हॉर्न, स्टार्टर, डायनॅमो एवढीच काय ती वायरिंग. कॉन्टॅक्ट गेला तर वायर दातांनी सोलायची, पिळा मारायचा, वर टेप गुंडाळायची आणि पुढे निघायचे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाडीत थेट सायलेन्सरपर्यंत सेन्सर आले. कुठे धुराचे तापमान मोजणारे, कुठे फिल्टरमधला दाब मोजणारे. त्याआधीच मोटारींना एबीएस ब्रेक आल्याने चाकांपाशीही सेन्सर बसले होते, ऐन चिखलाच्या जागी. प्रत्येक सेन्सरला कपलर आलाच. म्हणजे पूर्वी जिथे एक वायर सुटायची, तिथे आता सुटू शकतील अशा जागा कितीतरी पटींनी वाढल्या. गॅरेजमधली हत्यारे मात्र अजून पाने, हातोडी आणि एक स्क्रू ड्रायव्हर यांच्याभोवतीच फिरतात.

उघडत का नाही?

कपलर बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कारखान्यातला कामगार असतो, गावातला मिस्त्री नसतो. कारखान्यात तो नुसता दाबायचा, 'टक्' आवाज आला की काम झाले. गाडी पुढची दहा वर्षे धक्के खाणार, तेव्हा तो आपणहून सुटता कामा नये, ही पहिली अट. तो परत काढताना हात आत जाईल का, लॉक डोळ्यांना दिसेल का, हा विचार नंतरचा. म्हणून कित्येक कपलरचे लॉक इंजिनच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून बसलेले असते. डोळ्यांनी दिसत नाही, फक्त बोटांना लागते. ते दाबायचे, त्याच वेळी ओढायचे, आणि हे सगळे एका हाताने, कारण दुसरा हात तिथे शिरतच नाही.

त्यात प्लास्टिक जुने. इंजिनजवळच्या उष्णतेत रोज तापून आणि रोज गार होऊन ते बिस्किटासारखे कडक झालेले असते. लॉकची जीभ नवी असताना वाकते, आठ-दहा वर्षांनी वाकायच्या ऐवजी तुटते. बोलेरो असो की मारुती, यातून कोणाची सुटका नाही. जीभ तुटली की कपलर बसतो, पण लॉक होत नाही. मग मिस्त्री केबल टाय आवळतो किंवा टेप मारतो. केबल टाय तात्पुरता चालतो, हे खरे. पण गाडीच्या थरथरीने कपलर आत-बाहेर केसभर हलत राहतो आणि आतली कल्हई घासून निघते. कथिलाची बारीक काळी भुकटी तयार होते आणि तीच वीज अडवते. बाहेरून बघणाऱ्याला कपलर जागच्या जागी बसलेला दिसतो. म्हणून हे दुखणे लवकर सापडत नाही.

तुटू द्यायचा नसेल तर काढण्याची पद्धत उलटी आहे. ओढायचे नाही, आधी आत ढकलायचे. कपलर ओढला की लॉकच्या आकड्यावर ताण येतो आणि तो जास्तच घट्ट धरतो. म्हणून प्रथम हवेने किंवा ब्रशने लॉकमधली माती काढायची, सरकपट्टी असेल तर ती मागे घ्यायची, कपलर आतल्या बाजूला दाबायचा म्हणजे आकडा सैल होतो, आणि मग जीभ दाबून प्लास्टिकला धरून बाहेर घ्यायचा. वायर धरून कधीच ओढायचे नाही. वायरने ओढलेला कपलर बाहेर येतो खरा, पण आत पिनेच्या मुळाशी वायरचे दोन-चार तंतू तुटतात आणि त्याचा हिशेब दोन महिन्यांनी द्यावा लागतो.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गारठलेल्या गाडीवर हे काम करू नये. प्लास्टिक तेव्हा सर्वांत ठिसूळ असते. इंजिन कोमट असताना काम सोपे जाते. संगणकाचा, म्हणजे ईसीएमचा मोठा कपलर असेल तर त्याला बहुधा फिरणारा दांडा असतो. तो दांडा पूर्ण उलटा फिरवला की कपलर आपोआप वर येतो, तिथे जोर लावायची गरजच नसते. त्याला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलीच पाहिजे. आणि तो परत बसवताना तिरका गेला तर आतल्या काडीएवढ्या पिना वाकतात. तिथे झालेली घाई सगळ्यात महाग पडते.

स्कॅनर खोटे बोलत नाही, पण अर्धेच बोलतो

स्कॅनरवर एक नंबर येतो आणि त्या नंबरसमोर सेन्सरचे नाव असते. तेवढे वाचून सेन्सर मागवला जातो. पण नीट वाचले तर त्या ओळीत बहुतेक वेळा 'सर्किट' हा शब्द असतो. उदाहरणार्थ 'पी ०११८' हा कोड. त्याचा अर्थ, इंजिनमधल्या पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्ट प्रमाणाबाहेर जास्त आहेत. सेन्सर जळाला असे तो कोड म्हणत नाही. संगणकापासून सेन्सरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी गडबड आहे, एवढेच म्हणतो. त्या वाटेत वायर आली, कपलर आला, अर्थही आला.

हे होते कसे? संगणक त्या सेन्सरकडे ५ व्होल्ट पाठवतो. सेन्सर म्हणजे एक छोटा मणी. तो गार असताना विजेला जास्त अडवतो, तापला की कमी अडवतो. त्यानुसार व्होल्ट वर-खाली होतात आणि संगणक त्यावरून तापमान ठरवतो. आता कपलरमध्ये पिन सुटली तर वीज पुढे जातच नाही, व्होल्ट ५ च्या जवळ अडकून राहतात आणि संगणकाला वाटते की इंजिन भयंकर गारठले आहे. पुष्कळ गाड्यांमध्ये अशा वेळी स्कॅनरवर उणे ४० अंश दिसते. उणे ४०! आपल्याकडे महाबळेश्वरलाही एवढी थंडी कधी पडत नाही. असा आकडा दिसला की सेन्सर मागवण्याआधी कपलरकडे बघायचे, हे ठरलेलेच.

जाणकार वायरमन इथे एक सोपी तपासणी करतो. फक्त दोन वायरींचा तापमानाचा सेन्सर असेल तर कपलर काढून त्याच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडतो. आकडा उणे ४० वरून एकदम खूप गरमकडे पळाला, तर वायरिंग आणि संगणक ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांच्या पकडीत. आकडा जागचा हलला नाही, तर दोष वायरिंगमध्ये, आणि नवा सेन्सर आणणे म्हणजे पैसे पाण्यात. तीन किंवा जास्त वायरींच्या सेन्सरवर मात्र हा प्रयोग करू नये. तिथे चुकीच्या दोन पिना जोडल्या तर संगणकाचा पुरवठाच शॉर्ट होतो.

दुसरी तपासणी त्याहून सोपी आहे. तिला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. इंजिन चालू ठेवायचे, स्कॅनरवर त्या सेन्सरचा चालू आकडा लावायचा आणि एकेक कपलर व वायरची जुडी हाताने हळूच हलवायची. हलवताच आकडा उडाला किंवा इंजिन अडखळले, तर चोर सापडला. पंखा आणि बेल्टपासून बाही, उपरणे, बोटे लांब ठेवायची, एवढी काळजी.

सेन्सर बदलायला सांगितला तर मिस्त्रीला दोन प्रश्न बिनधास्त विचारा. कपलर काढून आतल्या पिना बघितल्या का? आणि वायर हलवून बघितली का? चांगला मिस्त्री या प्रश्नांवर चिडत नाही. चिडला तर समजून घ्या.

कधी कधी एबीएस, स्टिअरिंग, इंजिन असे चार-पाच दिवे एकदम लागतात. एवढे भाग एकाच रात्रीत जळत नसतात. अशा वेळी आधी बॅटरीचे टर्मिनल आणि बॉडीला बसवलेले अर्थचे बोल्ट बघायचे. ते ठीक असतील तर संगणकांना आपसात जोडणाऱ्या, एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरींवर संशय घ्यायचा. स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायचे १६ पिनांचे सॉकेट असते. बॅटरी काढून त्याच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटरने मोजले तर बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या आसपास यायला हवे. १२० आले तर त्या जोडीची वाट कुठेतरी तुटली आहे, आणि ते 'कुठेतरी' बहुधा एखादा कपलरच असतो.

पाणी, उष्णता आणि मिस्त्रीची सुई

कपलर बिघडवण्यात पहिला मान पाण्याचा. पावसाळ्यात शेतातून आलेली गाडी वॉशिंग सेंटरला जाते आणि बॉनेट उघडून आत प्रेशरने पाणी मारले जाते. सील शाबूत असतील तर कपलर बराच मारा सोसतो. पण एकदा काढ-घाल करताना सील फाटला किंवा हरवला की तिथून पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट राहत नाही. आतल्या आत तांबे हिरवे पडते. कोकणात खाऱ्या हवेने हेच काम आणखी लवकर होते. पाणी तिथेच थांबते असेही नाही. दिव्यातली वात तेल वर ओढते तसे वायरच्या बारीक तंतूंमधून ते प्लास्टिकच्या आतून पुढे सरकते. त्यामुळे कपलर एका जागी भिजतो आणि गंज हातभर लांब सापडतो. वायर सोलल्यावर तांबे चकचकीत निघण्याऐवजी काळे निघाले, तर तेवढा तुकडा कापूनच टाकावा लागतो. काळ्या तांब्यावर मारलेला पिळा टिकत नाही.

बॉनेट धुवायचेच असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या. प्रेशरचा पाइप तिथे नकोच.

दुसरे कारण उष्णता. आणि ती बाहेरची नाही, कपलरच्या आत तयार होणारी. हेडलाइटचा साधा बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. १२ व्होल्टवर ६० वॉट म्हणजे ५ अँपिअर करंट. कपलरची पकड सैल होऊन तिथे नुसता अर्धा ओहम अडथळा आला तरी दहा-बारा वॉटची उष्णता त्या चिमुकल्या जागेत तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याची छोटी सोल्डरिंग गन २५ वॉटची असते. म्हणजे प्लास्टिकच्या आत जवळपास अर्धी सोल्डरिंग गन चालू ठेवल्यासारखेच झाले. बल्ब मंद होतो, कपलर तपकिरी पडतो, मग वितळतो. अशा वेळी बल्ब मंद म्हणून कोणीतरी १००/९० वॉटचा बल्ब बसवतो. करंट ५ वरून ८ च्या वर जातो आणि कपलरमधली उष्णता पावणेतीन पटींच्या आसपास होते. गाडीला आग लागल्याच्या बातम्या सगळेच वाचतात. त्यातल्या सगळ्यांचे मूळ इथे नसले, तरी वितळलेला हेडलाइट कपलर ही त्या वाटेची सुरुवात आहे.

इथे तपासायचे असेल तर बल्ब चालू ठेवूनच तपासायचे. बल्ब काढून नुसत्या वायरवर मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट दिसतात आणि सगळे ठीक वाटते. एका तंतूवर लटकलेली वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवते, पण बल्बचा भार आला की कोसळते. दिवा चालू असताना मल्टिमीटरचे एक टोक कपलरच्या अलीकडे आणि दुसरे पलीकडे लावा. चांगल्या जोडावर आकडा शून्याच्या जवळ, ०.१ व्होल्टच्या आत असतो. तिथे अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तो कपलर वीज खातो आहे.

तिसरे कारण गॅरेजमध्येच घडते, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. करंट येतो का हे बघायला मिस्त्री टेस्ट लॅम्पची जाड सुई किंवा मल्टिमीटरचे टोक पुढून फिमेल पिनेत खुपसतो. पिनेचा चिमटा फाकतो. एकदा फाकला की परत आपणहून आवळत नाही. म्हणजे नसलेला बिघाड तपासताना नवा बिघाड जन्माला घातला. दुसरे कोणी वायरच्या प्लास्टिकला टाचणी टोचून बघतो आणि त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरते. बरोबर पद्धत म्हणजे कपलर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने, वायरच्या कडेने, अगदी बारीक सुई आत सरकवायची आणि काम झाल्यावर सील नीट बसवायचा.

चिमटा फाकला आहे का, हे ओळखायची युक्ती जुने वायरमन वापरतात. त्याच मापाची सुटी मेल पिन घ्यायची आणि एकेका फिमेलमध्ये घालून बाहेर ओढायची. चांगली पिन किंचित धरून ठेवते. बिघडलेल्या पिनेतून ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघते.

तुटला तर काय, अख्खी वायरिंग घ्यायची?

खरा संताप इथे होतो. पुष्कळदा सुटा कपलर सुटा भाग म्हणून विकतच मिळत नाही. शोरूममध्ये उत्तर मिळते, पूर्ण वायरिंग किट घ्या. नखाएवढी लॉकची जीभ तुटली म्हणून दहा-वीस हजारांपर्यंतचा खर्च सांगितला जातो. ग्राहकाच्या बाजूने बघितले तर याला अन्यायच म्हणावे लागेल, कारण हाच कपलर वेगळी कंपनी बनवते आणि तोच तुकडा अनेक ब्रँडच्या गाड्यांत सापडतो.

म्हणून अनुभवी वायरमन आधी सुटा कपलर शोधतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा जुन्या स्पेअरचा बाजार, नाहीतर जवळचे गाड्यांचे भंगार. तिथे वीतभर वायरीसह कापलेला कपलर मिळतो. आपला तुटका तुकडा किंवा निदान दोन्ही बाजूंचे फोटो सोबत न्यायचे. पिनांची संख्या, लॉकची जागा आणि आतल्या खाचा तिन्ही जुळल्या तरच तो आपला. नुसता रंग आणि आकार बघून आणलेला कपलर अर्धा बसतो आणि उरलेला अर्धा जोराने बसवला जातो. पुढचे सांगायला नको.

कधी फक्त पिन खराब असते, प्लास्टिक चांगले असते. पिन आत एका बारीक काट्याने अडकलेली असते. तो काटा दाबायला सुटे हत्यार मिळते. ते नसेल तर छत्रीची काडी घासूनही काम होते. नाजूक काम आहे, घाईच्या माणसाचे नव्हे.

वायर जोडताना पिळा आणि काळी टेप, हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय. इंजिनच्या उष्णतेत टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि जोड उघडा पडतो. सोल्डर केलेला जोड दिसायला भारी, पण सोल्डर जिथे संपते तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. योग्य मापाच्या थिंबलने किंवा नळीने क्रिम्प करून, वर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवली तर जोड कित्येक वर्षे टिकतो. दोन-चार वायरी एका कपलरच्या असतील तर सगळे जोड एकाच रेषेत करू नयेत, पुढे-मागे करावेत. एक कापायची, एक जोडायची. चारही एकदम कापल्या आणि रंग उन्हाने उडालेले असले, की कोणती कुठे हे देव जाणे.

साफसफाईसाठी पेट्रोल-रॉकेल वापरू नका. सील फुगतात, शिवाय एका ठिणगीत हात भाजतो. इलेक्ट्रिकचा कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे मिळतो, तो मारून पूर्ण सुकू द्यायचा. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस कपलरमध्ये भरणे हाही चुकीचाच प्रकार. सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक ग्रीस वेगळे असते. ते वीज वाहून नेत नाही, पाणी बाहेर ठेवते. सीलच्या कडेला बोटभर पुरते.

उंदरांचा विषय ऊसतोडीच्या दिवसांत हमखास निघतो. रान मोकळे झाले की ते गोठ्यात आणि तिथे उभ्या गाडीत शिरतात. त्यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात म्हणून ते काहीतरी कुरतडतच असतात, आणि वायर तोंडाला बरोबर येते. महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून एक नजर टाकावी.

पिवळ्या आणि केशरीला हात नको

स्टिअरिंगच्या आसपास किंवा सीटखाली पिवळा कपलर किंवा पिवळ्या आवरणाची वायर दिसली तर ती बहुधा एअरबॅगची असते. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे हा कपलर आता गावोगाव आहे. त्यावर टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावला तर एअरबॅग तोंडासमोर फुटू शकते. सीटकव्हर बसवणारा किंवा टेपरेकॉर्डरवालाही त्याला हात लावू देऊ नका. इलेक्ट्रिक मोटारीतल्या केशरी वायरींमध्ये शेकडो व्होल्ट असतात. ते काम शिकलेल्या माणसाचेच. तिथे छत्रीची काडी चालत नाही.

जुनी गाडी घेताना

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या होत्या. त्यानंतरही दरवर्षी कुठे ना कुठे पूर येतोच. बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून, नवे सीटकव्हर घालून विकता येते. कपलर मात्र एकेक करून कोणी धूत नाही. म्हणून सेकंडहँड गाडी बघायला जाताना मोबाइलचा टॉर्च आणि सोबत ओळखीचा वायरमन न्या. पायाखालचे मॅटिंग कडेने उचला, पुढच्या सीटखाली वाका. तिथे कपलर दिसतील. हात लावू नका, ओढू नका, नुसते उजेडात बघा. वायरींच्या जुडीवर वाळलेला गाळ, कपलरच्या खाचेत मातीची रेघ, सीटच्या बोल्टवर तांबडा गंज दिसला, तर ती गाडी पाण्यात होती. डिकीतला दिव्याचा होल्डर काढून त्याच्या पिना हिरव्या आहेत का तेही बघा, तो सहज निघतो आणि सहसा कोणी साफ केलेला नसतो. विकणारा म्हणेल, "गाडी एक नंबर आहे, चालवून बघा." चालवूनही ती चांगलीच चालेल. हिरव्या पिना त्रास द्यायला पाच-सहा महिने घेतात, आणि तोवर कागद तुमच्या नावावर झालेले असतात.